वाळूचं जाकीट

११ फेब्रुवारी

ती. काकूस,
सा. न.

परवा फोनवर मी अर्धा तास गाडीचं रडगाणं गायले आणि शेवटी तू विचारलंस, "बरं, बाकी गाडी कशी आहे?" तुझा उजवा कान इंजिनांच्या आवाजानं गेलाय, हे मी दर वेळी विसरते. म्हणून पत्र.

तर गाडी बरी नाही, काकू.

काका गेल्यावर शेडमधली ती शेवटची गाडी तू मला दिलीस. ऑक्टोबरात टेम्पोत घालून आणली, तेव्हापासून दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या आणि रविवारी ट्रॅकवर जायचं, असं चाललंय. मूळची ती मातीत उड्या मारणारी गाडी. काकांनी डांबरावरच्या शर्यतीसाठी बदललेली. पुढचं उंच चाक काढून दोन्हीकडं सतरा इंची चाकं, गुळगुळीत टायर, मोठा ब्रेक, पुढचे-मागचे शॉक आतून आखूड केलेले. दिसते अशी की बघत राहावं.

पण वळणातून बाहेर पडताना गॅस दिला की ती मागून बसते, पुढून हलकी होते आणि मला हवं त्याच्या दोन हात बाहेर जाते. पुढं सरळ रस्त्यावर वेग घेतला की हँडल थरथरायला लागतं. इतकं, की माझे दात वाजतात.

अशा गाडीचा स्वभाव मापांवर असतो. पुढच्या चाकाचे पाइप हँडलखालच्या क्लॅम्पमधून किती वर काढलेत, मागचा शॉक किती लांब आहे, स्वार बसल्यावर गाडी किती खाली बसते. दोन-चार मिलिमीटर इकडचे तिकडे झाले की तीच गाडी वेगळी वागते. काका मापं सांगायचे आणि तू वहीत लिहायचीस, एवढं मला आठवतं. या गाडीचं पान मला उतरवून पाठवशील? माझी पहिली शर्यत चार मेला आहे.

तुझी
बारकी
(नावाचीच. आता अडुसष्ट किलो आहे, हसू नकोस.)


१९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हसले.

वही कपाटात वरच्या खणात होती. वर धूळ नव्हती, कारण मी ती अधूनमधून काढते. काही वाचायचं नसतं, नुसती काढते आणि ठेवते. ह्यांचे हात कायम ग्रीसमध्ये, म्हणून लिहायचं काम माझं. तुला माहीतच आहे, मी वाचायला शिकले ती सुट्या भागांच्या कॅटलॉगवरून. वर चित्र, खाली नाव. लोक आई, बाबा, कमळ असं शिकतात. माझे पहिले शब्द वॉशर आणि बेअरिंग.

मापं कशी घ्यायचे ते तू कधी बघितलं नाहीस. तू सुट्टीत यायचीस आणि सुट्टीत हे काम बंद ठेवायचे. ह्यांचे स्वार सगळे लांबचे. गाडी पाठवायचे आणि सोबत आपलं वजन कळवायचे. आता गाडी किती बसते हे मोजायचं तर वर कोणीतरी बसायला हवं. ते कोणीतरी मी. त्यासाठी मी जाड कापडाचं एक जाकीट शिवलं होतं, पुढं चार खिसे, मागं चार, त्यांत वाळूच्या पिशव्या. माझे बावन्न आणि वाळू बावीस, झाला चौऱ्याहत्तर किलोचा माणूस. मी विचारायचे, "आज मी कोण?" हे म्हणायचे, "आज तू पोस्टमन. जरा पोट पुढं काढ." कधी मी दातांचा डॉक्टर झाले, कधी कवायतीचा मास्तर. एका बेकरीवाल्यासाठी बेचाळीस किलो वाळू बांधली होती, तेव्हा मला खाली उतरवायला शेजारचे दोघं बोलवावे लागले. त्यांतला एक म्हणाला, "वहिनी, गाडी मोजताय की तिला शिक्षा देताय?"

सारखं एकच वाक्य, "हलू नकोस." एकदा कंटाळून मी म्हणाले, "अख्खा जन्म गाडीवर बसण्यात गेला आणि गाडी काही इंचभर पुढं गेली नाही." ह्यांनी वर पाहिलं. टेपचं टोक दातांत धरलेलं होतं, त्यामुळं काही बोलले नाहीत.

आता पान.

पुढचे पाइप क्लॅम्पच्या वर ५ मि.मी.
मागचा शॉक, एका डोळ्यापासून (म्हणजे बोल्टच्या भोकापासून) दुसऱ्यापर्यंत, ४६६.
बैठक, गाडी एकटी: २८.
बैठक, स्वारासकट: ८५.

बैठक हा ह्यांचा शब्द. मागचं चाक हवेत असताना चाकाच्या मध्यापासून सीटखालच्या खुणेपर्यंत मोजायचं. मग गाडी खाली ठेवून पुन्हा मोजायचं. जेवढं कमी भरेल तेवढी बैठक. एकदा गाडीची एकटीची, एकदा माणूस बसल्यावर.

पानावर एवढंच आहे.

मी बरी आहे. स्कूटर विकून टाकली, उजव्या गुडघ्यामुळं किक मारता येत नव्हती. वाचनालयात आता चालत जाते. लांब पडतं, पण परत येताना हातात पुस्तक असतं, त्यामुळं कमी वाटतं.

तुझी
काकू


८ मार्च

ती. काकूस,
सा. न.

सगळं तुझ्या पानाप्रमाणं केलं. मी पूर्ण पोशाखात, हेल्मेट घालून बसले. असं सगळं मिळून माझं वजन शहात्तर. मैत्रिणीनं गाडी धरली, ट्रॅकवरच्या टायरवाल्यानं मोजलं. ८५ यायला हवे होते, आले ११२. मग मागची स्प्रिंग आवळत गेलो. आवळून आवळून एकदाचं ८५ वर आणलं. मी खूश होऊन खाली उतरले, तर आता गाडी एकटी असताना फक्त ६ बसते! २८ कुठे आणि ६ कुठे. मागून नुसता खांब झालाय. ब्रेक लावला की मागचं चाक हवेत. मग म्हटलं, पुढून थोडी खाली करावी. पाइप आणखी वर काढले. तशी वळायला लागली, पण सरळ रस्त्यावर थरथर दुप्पट. त्यातच एकदा पडले. काही नाही, कोपर खरचटलं.

टायरवाला टायर कापडात गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "तुझ्या काकांचा हात शेवटी शेवटी गेला होता, हे तूही मान." मी त्याला नको नको ते बोलले. तो म्हणाला, "बोल, बोल. पण आधी गाडीकडं बघ."

मी बघितलं, काकू. घरी आणून तिच्यासमोर स्टुलावर बसले. शर्यतीच्या गाडीवरून लोक ग्रॅमग्रॅम वजन काढतात आणि काकांनी या किकवाल्या गाडीवर शोधून शोधून बटणावर चालू होणारा सेल्फ बसवलाय, वर बॅटरी. हँडल दोन्ही बाजूंनी तीन-तीन बोटं कापलंय. सीटचा फोम इतका तासलाय की माझे गुडघे कानाला लागतात. ब्रेकचा लिव्हर इतका जवळ की माझी बोटं चिमटतात. धडधाकट असते तर काकांनी हे केलं असतं का? शेवटच्या वर्षी ते माझ्याशी फोनवर दहा मिनिटं बोलले आणि शेवटी मला आई समजून म्हणाले, "वहिनी, बारकी कशी आहे?"

मी काही त्यांना नावं ठेवत नाही. तू समजून घे. मला वाटतं, इंजिन आणि चाकं काढून दुसऱ्या चौकटीत बसवावी आणि ही चौकट तुझ्याकडं परत पाठवावी. अजून ठरवलं नाही. तुला विचारतेय. रागावू नकोस.

तुझी
बारकी


१५ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

गाडी तुझी आहे. सुटी करायची तर कर.

हे नळ चालू ठेवायचे, घराचा रस्ता चुकायचे, हे खरं आहे. मीच सांगितलं होतं तुम्हाला. पण त्याच महिन्यात रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचा कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते पलंगावरून सांगायचे. तुझ्या टायरवाल्याला ते येतं का विचार.

चौकट परत पाठवू नकोस. शेडमध्ये जागा नाही.

जागा आहे. पण पाठवू नकोस.

कोपराला काय लावलंस? नुसतं खरचटलं असतं तर तू लिहिलं नसतंस.

काकू


३० मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. मी लिहिलंच तसं होतं, त्यावर कोण काय उत्तर देणार! म्हणून पुन्हा मीच लिहिते. गाडी सुटी केली नसशील तर थांब. केली असशील तरी हे वाच.

गेले पंधरा दिवस मी एक पुस्तक वाचते आहे. वाचनालयातल्या बाईंकडे मोटरसायकलच्या चौकटीवरचं काही आहे का विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि आतून एक आणून दिलं. शेवटचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा. प्रत्येक पान दोनदा वाचावं लागतं, पण समजतं. ट्रेल समजला. दुकानातल्या ढकलगाडीचं पुढचं चाक कसं आपल्या खिळ्याच्या मागं राहून ओढलं जातं आणि म्हणून सरळ चालतं, तसं. पुढचं चाक लहान केलं की हा ट्रेल कमी होतो, मग तो दुसरीकडून भरून काढावा लागतो. चाळीस वर्षं मी हे आकडे लिहिले आणि ते कशाचे होते ते आत्ता कळलं.

मग एका पानावर हे सापडलं. स्वारासकट बैठक बरोबर येते पण गाडी एकटी बसतच नाही, असं झालं तर स्प्रिंग त्या स्वाराला हलकी आहे. पुस्तक मिटलं आणि वहीचं शेवटचं पान उघडलं. कारण मला ते आधीपासून माहीत होतं.

पानावर आणखी एक रकाना आहे. तो मी तुला उतरवून दिला नाही. रकान्याचं नाव "वाळू". वहीतल्या प्रत्येक पानावर तिथं आकडा आहे. फक्त शेवटच्या पानावर तो मोकळा आहे.

त्या दिवशी सकाळी ह्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. जाकीट खुंटीवरच होतं. ह्यांनी ते काढलं नाही. मी नेहमीसारखं विचारलं, "आज मी कोण?" हे माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "कोण म्हणजे? तू." मला वाटलं, विसरले. स्वार कोण, त्याचं वजन किती, काहीच आठवत नाहीये. आदल्या आठवड्यात मी त्यांना गॅस चालू राहिल्यावरून बोलले होते, तेव्हा ते शेडमध्ये जाऊन तोंडावर टोपी ठेवून बसले होते. टोपी काढली तर डोळे लाल. त्या दिवशी मी ठरवलं होतं, आता कशावरूनही टोकायचं नाही. म्हणून वाळूचं काही बोलले नाही. तशीच बसले. हे म्हणाले, "हलू नकोस." दोनदा मोजलं. "पंच्याऐंशी," म्हणाले, आणि शीळ घालायला लागले. किती दिवसांनी शीळ घातली होती! मी ८५ लिहिलं. म्हटलं, वाळूचं उद्या सांगू, परवा सांगू. अकराव्या दिवशी हे गेले.

तेव्हा ती चूक निम्मी त्यांची आणि निम्मी माझी. खरं तर माझीच जास्त, कारण मला दिसत होतं. तुला पान पाठवतानाही मी तो रकाना गाळला, कारण तो मोकळा दाखवणं म्हणजे हे विसरले होते असं लिहून देणं. माझ्या गप्प बसण्यानं तू पडलीस.

स्प्रिंग बदल, गाडी सुटी करू नकोस. आणि त्या टायरवाल्याला सांग, मिस्त्रीचा हात गेला नव्हता, लिहिणारीनं चुकीचं लिहिलं.

तुझी
काकू


११ एप्रिल

ती. काकूस,
सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा पुढचं चाक काढलेलं होतं आणि मी इंजिनाचे बोल्ट सैल करायला पाना शोधत होते. तीनदा वाचलं. मग चाक परत लावलं. (कोपराला प्लास्टर होतं, तीन आठवडे. तू ओळखलंसच. आता निघालं.)

आधी स्प्रिंग काढून पाहिली. तिच्यावर नंबर असतो, तो आजवर मी वाचलाच नव्हता. सुट्या भागांच्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "ही पन्नास-पंचावन्न किलोच्या स्वाराची. ही आम्ही ठेवत नाही, मागवावी लागते. दीड महिना लागतो." जुनी पावतीपुस्तकं बघायला सांगितलं, तर कुरकुरत बघितली. काकांनी स्वतः फोन करून मागवली होती. गेल्या वर्षी फेब्रुवारीत.

तुला त्यांनी बसवलं एप्रिलात ना?

मग मी आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरवरच्या बाईंना रविवारी घरी बोलावलं. उंची तुझ्याएवढी, वजन त्रेपन्न. "चहा पाजते, फक्त दहा मिनिटं न हलता बसायचं," असं सांगून. त्या बसल्या. दोन्ही पाय जमिनीला टेकले. हात सरळ हँडलवर गेले. लिव्हर बोटांत आला. म्हणाल्या, "कोणाची गं ही? माझ्या मापाची शिवल्यासारखी आहे." मी स्प्रिंग काकांनी रंगानं केलेल्या खुणेपर्यंत परत सैल केली आणि मोजलं. त्या बसल्यावर ८६. उतरल्यावर २८.

काकू, मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दुसऱ्याचा चष्मा डोळ्याला लावला की सगळं वाकडं दिसतं, म्हणून तो करणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही. मी मात्र तेच केलं.

वाळू कोणीही विसरेल. पण वाळू विसरणारा माणूस दीड महिना आधी तेवढ्याच वजनाची स्प्रिंग मागवत नाही. सीट, हँडल, लिव्हर, सगळं एकाच बाईच्या अंगाचं करत नाही. आणि सेल्फ. मी तुला पत्रात सेल्फवरून काय काय लिहिलं, आता लाज वाटते. तुझ्या उजव्या गुडघ्याला किक जमत नाही.

तू विचारलंस आज मी कोण, आणि त्यांनी खरं तेच सांगितलं.

इंचभर पुढं न जाणाऱ्या गाडीबद्दल तू एकदा बोलली होतीस, तेव्हा त्यांच्या तोंडात टेप होती. बहुतेक ही गाडी म्हणजे त्याचं उत्तर. मला खात्रीनं सांगता येणार नाही, ते कुणाला काही बोलले नाहीत. पण माझ्या हाताखाली जे आहे ते मी तुला सांगितलं.

आता प्रश्न असा की गाडी तुझी आहे आणि मी ती घेऊन बसलेय. जड स्प्रिंग दुकानात मिळते, चार दिवसांचं काम. पण तू सांगेपर्यंत मी हात लावणार नाही. चार मेची शर्यत गेली तरी चालेल.

तुझी
बारकी


१७ एप्रिल

बारके,

बदल. शर्यत कर.

माझी स्प्रिंग तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेव. तासलेली सीट टाकू नकोस.

बाकी मला आत्ता लिहिता येत नाही.

काकू


६ मे

ती. काकूस,
सा. न.

एकोणीस जणांत सातवी आले!

नवी स्प्रिंग, रुंद हँडल, जाड सीट. पुढचे पाइप परत काकांच्या ५ वर, शॉकची लांबी त्यांचीच ४६६. मी बसल्यावर ८५, गाडी एकटी २९. बस. बाकी एका बोल्टला हात लावला नाही. वळणातून बाहेर पडताना गॅस दिला आणि मी श्वास धरून थरथरीची वाट बघत होते. आली नाही. पुढच्या फेरीला आली नाही. चौथ्या फेरीला मी वाट बघायची विसरले.

टायरवाला शेवटच्या वळणावर उभा होता. परत आले तर त्यानं पुढचा टायर सगळीकडून चाचपला. एकसारखा झिजला होता. म्हणाला, "तुझ्या काकांना..." आणि थांबला. मग म्हणाला, "घरी कोण असतं त्यांच्या?" मी म्हटलं, काकू. "मग त्यांना सांग, मी चुकीचं बोललो होतो." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

आता खरं बोलते. एक जूनला ट्रॅक सगळ्यांसाठी खुला असतो. शर्यत नाही, घाई नाही. पहिला तास हळू जाणाऱ्यांचा, कोणाला मागं टाकून पुढं जायचंच नाही असा नियम. निवृत्त माणसं येतात, एक आजोबा तर टाय लावून येतात. तू वीस वर्षं स्कूटर चालवलीस. गिअर मी शिकवीन. सेल्फ आहेच. मी तुझ्या मागं मागं माझ्या मैत्रिणीच्या गाडीवर राहीन.

तुझी स्प्रिंग आणि सीट आदल्या दिवशी बसवते. नको म्हणालीस तरी बसवते. मग ती नुसती उभी राहील. पण तुझ्या मापाची उभी राहील.

तुझी
बारकी


१४ मे

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

सातवी आलीस ते मी वाचनालयातल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, एकोणिसात सातवी म्हणजे चांगलंच. मी म्हटलं, अहो, पहिल्याच वेळी.

तुझ्या एप्रिलच्या पत्राला मी दोन ओळी लिहिल्या, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. तेव्हा काय झालं ते सांगते. पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मला ह्यांचा राग आला. सांगायला काय झालं होतं? तोंडातली टेप काढून दोन शब्द बोलले असते तर वर्षभर मी हा भार वाहिला नसता. वर्षभर मी मनाशी म्हणत होते की माझ्या माणसाच्या हातचं शेवटचं काम चुकलं आणि मी बघत बसले. मग दोन दिवसांनी राग गेला. उरलं ते तुला माहीत आहे. ते असतंच, कुठं जात नाही. मी त्याच्या बाजूनं वाट काढून कामं करते.

एक मात्र बदललं. मला सारखं ते त्या सकाळचं बघणं आठवायचं. मला वाटत होतं, ते मला ओळखायचा प्रयत्न करत होते. आता वाटतं, ते मला मोजत होते. किंवा नुसतं बघत होते. काय हरकत आहे!

शेडमध्ये जाऊन जाकीट खुंटीवरून काढलं. आठही खिसे रिकामे केले. वाळू मागच्या पायवाटेवर ओतली, तिथं पाणी साचायचं. पोस्टमन, दातांचा डॉक्टर, बेकरीवाला, सगळे तिथं पसरले आहेत. येता-जाता त्यांच्यावर पाय पडतो. जाकीट धुऊन वाळत घातलं आहे. वाळूशिवाय ते अगदीच हलकं झालं, पण कापड मजबूत आहे. पडले तर कोपर वाचेल. तेच घालून बसणार आहे.

मी एकतीसच्या दुपारच्या गाडीनं येते. घ्यायला ये, पण घाई करू नकोस, माझ्याजवळ पुस्तक असेल.

वही आणते आहे. काल दवाखान्याबाहेरच्या काट्यावर वजन केलं, एकोणपन्नास भरलं. तेव्हा बावन्न होते. तीन किलोंनी बैठक किती बदलते ते पुस्तकात नाही, त्यामुळं आधी मोजावं लागेल. टेप तू धर. मी बसते. आकडा मात्र मी उतरल्यावर माझ्या हातानं लिहीन. वाळूच्या रकान्यात शून्य घालायचं राहिलं आहे, तेही घालीन. दोन्ही पानांवर, ह्यांच्या त्या शेवटच्या आणि या नव्या.

आणि एक. मोजून झालं की "हलू नकोस" म्हणू नकोस.

तुझी
काकू